पाठमोरं बोलणं

“मी बहिरी नाहीये, मॅडम.”

काउंटरपलीकडची मुलगी असं म्हणाली आणि आरतीचं लिहिणं थांबलं. मुलीनं तोंडाला स्कार्फ गुंडाळला होता. डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरून आले होते. आरतीनं वेगळं काहीच केलं नव्हतं. सावेडीतल्या त्या लॅबच्या काउंटरवर ती वर्षानुवर्षं करत आली होती तेच केलं. नाव विचारलं, वय विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि खात्री करून घ्यायला म्हणाली, गरोदरपणाची टेस्ट ना? एवढंच. पण बाकड्यावर उपाशीपोटी शुगर तपासायला बसलेले आजोबा, त्यांच्या शेजारची बाई, दारात मोबाईल बघत उभा असलेला माणूस, सगळ्यांनी एकदम माना वर केल्या होत्या. मुलीनं चिठ्ठी उचलली, घडी न घालता मुठीत चुरगाळली आणि ती जिना उतरून गेली. आरती उठून उभी राहिली, पण हाक मारायचा धीर तिला झाला नाही. हाक कोणत्या आवाजात निघेल, याचीच तिला भीती वाटली. आतून वाल्मिक बाहेर आला. तो रक्त काढायचं काम करायचा. हातमोजे काढत, अगदी हळू, तिला बरं वाटावं अशा बेतानं तो म्हणाला, “ताई, सुट्टीवरून आल्यापासून तुम्ही लई जोरात बोलताय. आत सुई टोचताना पेशंट दचकतात. घरी ठीक आहे ना सगळं?” ठीक आहे, असं ती म्हणाली, आणि तेसुद्धा ओरडूनच म्हणाली.

तिला तो आवाज ओळखू आला होता. तो घशातून निघत नव्हता, बेंबीच्या देठापासून यायचा. प्रत्येक अक्षर सुटं करून समोरच्याच्या पुढ्यात ठेवणारा, रागाचा नसून रागाचा वाटणारा आवाज. ‘जेवायला चला’ म्हणणारा. ‘गोळी घेतली का’, ‘दार लावा’, ‘अमृतचा फोन आलाय’ म्हणणारा. तो आईचा होता. आईला जाऊन महिना झाला होता आणि तेव्हापासून आरती स्वतःचं घर सोडून भिंगारला तात्यांजवळ राहत होती. तात्यांना ऐकू येत नाही. तिथं राहायचं म्हणजे त्या आवाजात बोलायचं. रोज सकाळी अंगावर चढवलेला तो आवाज लॅबमध्ये येताना उतरवून ठेवायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

दिवसभर ती कमी बोलली. नावं लिहून घेताना बोटानं दाखवू लागली, इथं सही, तिकडं बसा. संध्याकाळी शेअर रिक्षात दोन बायकांच्या मधे अंग चोरून बसली असताना तिच्या मनात आलं, की आईचा खरा आवाज आपल्याला आठवतोय का? खरा म्हणजे कोणता? आईचा मूळचा आवाज बारीक होता. अगदी बारीक, सुईत दोरा ओवावा तसा. तो चारचौघांत तिनं एकदाच ऐकला होता. तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. तात्या रणगाड्यावर गनर होते आणि झाशीजवळ बबीन्याला त्यांना फॅमिली क्वार्टर मिळालं होतं. एका ओळीतल्या खोल्या, समोर हातपंप, आणि महिन्यातून एकदा साहेबांच्या बायका सगळ्यांना वेल्फेअरच्या हॉलमध्ये जमवायच्या. कुणी लोणचं घालायला शिकवायचं, कुणी स्वेटरचे टाके. एका दुपारी त्या म्हणाल्या, आज प्रत्येकीनं आपल्या मुलखातलं काहीतरी म्हणायचं. पंजाबी बायका टाळ्या वाजवत उठल्या. आई शेवटच्या रांगेत होती. तिला हाताला धरून पुढं आणलं. डोळे मिटून तिनं जात्यावरची ओवी म्हटली, आणि आरती आईकडं बघतच राहिली. या बाईला असाही आवाज आहे, हे घरात कधी कळलंच नव्हतं. साहेबाची बायको म्हणाली, “कितनी मीठी आवाज़ है आपकी, घर में तो रोज़ गाती होंगी?” आईला हिंदी फारसं येत नव्हतं. ती नुसती हसली आणि जागेवर येऊन बसली. क्वार्टरवर परतल्यावर दारातूनच तिनं तात्यांना ओरडून सांगितलं, “अहो, मला स्टीलचा डबा मिळाला!” कशाबद्दल मिळाला ते काही तिनं सांगितलं नाही.

तात्यांच्या कानांचं आधी फक्त आईलाच कळलं होतं. तेव्हा कानात कापसाचे बोळे कोंबून तोफ डागायचे. फायरिंगच्या दिवसांत बोळे कधी असायचे, कधी घाईत राहून जायचे. रात्री कानात शिट्टी वाजते म्हणून ते उशी डोक्यावर घेऊन झोपायचे. कुणाला सांगितलं असतं तर मेडिकल कॅटेगरी खाली गेली असती आणि बढतीची पुढची फीत हुकली असती. म्हणून आईनं ते झाकलं. पाहुणे काही विचारायला लागले की ती तिथंच कुठंतरी घुटमळायची आणि सहज बोलल्यासारखं तेच मोठ्यानं म्हणायची, “व्हय की, मामा विचारत्यात ते खरंय, औंदा रजा कवा मिळायची?” लोकांना वाटायचं, फौजीची बायको फार पुढंपुढं करते. सासू म्हणायची, बनूला लष्कराची हवा लागली. आई ऐकून घ्यायची. तात्या दफेदार झाले, पेन्शनीवर आले, भिंगारला माजी सैनिकांच्या वसाहतीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं, आणि तोवर आईचा बारीक आवाज चारचौघांतून कायमचा गेला होता. अधल्यामधल्या वर्षांत तात्या राजस्थानात, पंजाबात होते. तेव्हा तिनं पोरांच्या शाळेसाठी भिंगारला एकटीनं खोली भाड्यानं घेतली. रॉकेलच्या रांगेत ती उभी राहिली, अमृतच्या काविळीत रात्ररात्र बसून राहिली, आरतीला सायकल शिकवताना कॅरिअर धरून रस्ताभर धावली. नवरा घरी नसताना ती हळू बोलायची का? आरतीला काही केल्या आठवेना. तिला आठवत होतं ते एवढंच, की तात्या सुट्टीवर आले की घर मोठं व्हायचं, कारण सगळे एकमेकांना लांबून हाक मारल्यासारखे बोलायचे.

दशक्रियेच्या दिवशी प्रवचन झाल्यावर श्रद्धांजलीची भाषणं झाली होती. माजी सैनिक संघटनेतले एक गृहस्थ माईकवर म्हणाले, बनुबाई म्हणजे आदर्श माता आणि सैनिकाच्या मागं सावलीसारखी उभी राहिलेली पत्नी. आरतीला तेव्हा रडू आलं नव्हतं. मांडी घालून पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तिच्या मनात आलं होतं, सावलीला आवाज नसतो; आमची आई तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. तात्या पुढच्या सतरंजीवर बसून माईककडं बघत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू गेलं नसणार. भावानं, अमृतनं, पुण्याहून घेतलेलं कानाचं यंत्र त्यांनी केव्हाच कपाटात टाकलं होतं, कानात पाखरू फडफडल्यासारखं वाटतं म्हणून. आता अमृत रविवारी येणार होता. घराला कुलूप लावून तात्यांना पिंपरीला न्यायचं त्यानं आणि आरतीच्या नवऱ्यानं आपसात ठरवून टाकलं होतं. नवरा नागापूरच्या कारखान्यातून शिफ्ट सुटली की फोन करायचा, “अजून किती दिवस?” ती दमली होती. झोपून जाईल असा तो थकवा नव्हता.

रिक्षा स्टेट बँक चौकात अडकली. लष्कराच्या रेंजवर फायरिंग चालू असावं. लांबून दोन धडाके आले आणि शेजारच्या बाईनं बोलता बोलता नुसता आवाज चढवला, नगरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आरती त्या मुलीचा विचार करत होती. ती कुठं गेली असेल? दुसऱ्या लॅबमध्ये? काही गोष्टी मोठ्यानं म्हटल्या की त्या गोष्टीच राहत नाहीत, वेगळंच काहीतरी होऊन बसतात. बायकोचं नवऱ्याशी बोलणं म्हणजे मुळात कुजबुजच असते. भरल्या घरात, मधे एक भिंत आणि भिंतीपलीकडं सासू-सासरे, दीर, पोरं. दिवसभराचं साठलेलं अंधारात उशीशी बोलायचं. आईच्या नवऱ्याला कुजबुज तेवढी ऐकू येत नव्हती. मग ती बाई कुठं बोलली असेल?

ते आरतीला माहीत होतं. आई भिंतीशी बोलायची. ओट्यापाशी, पाठमोरी, पोळी लाटताना किंवा भाजी निवडताना. तात्या स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर पेपर घेऊन बसलेले असायचे आणि आई त्यांच्याकडं पाठ करून हळू आवाजात बोलत राहायची. आरती तिथंच खाली बसून अभ्यास करायची. तिला ते सगळं ऐकू यायचं आणि लहान असल्यामुळं त्यात वावगं वाटायचं नाही. पुष्कळदा तात्यांनाच बोलणी बसायची. तुमचं काय, तुम्ही बसा पेपर वाचत. पत्र पाठवलं की झालं, इथं येऊन बघितलं का कधी. कधी तिच्या मेलेल्या आईशी बोलणं चालायचं. आणि मधूनच, कशाशी संबंध नसताना, एक वाक्य यायचं. “झोपला म्हनले मी. झोपला म्हनले.” ते आलं की लाटणं थांबायचं.

त्या वाक्याचा अर्थ आरतीला कळला तो तिच्या स्वतःच्या बाळंतपणात. अमृत आणि आरतीच्या पाठचा एक भाऊ होता, भीमा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तो नऊ-दहा महिन्यांचा होऊन गेला. तात्या तेव्हा राजस्थानात सरावाला होते. ते आले तोवर सगळं उरकलं होतं. आरती चार वर्षांची होती आणि तिला आठवायचा तो झोळी सोडल्यावर आढ्याला तसाच राहिलेला दोर. तापानं गेला, दवाखान्यात गेला, एवढंच बोललं जायचं. पण त्या सकाळी आई तिला न्हाऊ घालत होती. आरती पाटावर बसलेली, आई मागं उभी. पाठीवर कडकडीत पाण्याचे तांबे पडत होते आणि मागून तो बारीक आवाज यायला लागला. “दवाखान्यात न्हाई गं गेला तो. सकाळची गाडी हुती, टाकळीवरनं नगरला जायाची. मामंजी म्होरच्या शीटवर बसलं हुतं. भाळवणी सुटली आन् तो माझ्या मांडीवर गार पडला. मला कळलं. आईला कळतं. पन मी बोलले न्हाई. बोलले असते तर मामंजींनी गाडी थांबिवली असती, रस्त्यावं उतरून माघारी घेऊन गेलं असतं. म्हनलं, डॉक्टरनं बघू तर दे. डॉक्टर सांगत न्हाई तवर न्हाई गेला. पदर घातला त्याच्यावं आन् थोपटत राहिले. शेजारच्या बाईनं इचारलं, झोपलं का गं लेकरू? मी म्हनले, झोपला.” मग पुढचा तांबा पडला. आरतीनं मागं वळायचा प्रयत्न केला तेव्हा आईनं तिची मान हातानं सरळ केली. “तुज्या बापाला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “आला तवा घर मान्सांनी भरल्यालं. रातच्याला सांगाय गेले, तर म्हनला, काय? आं? जोरात बोल. हे जोरात कसं बोलू?” त्यानंतर तो विषय आईनं कधीच काढला नाही. आरतीनंही काढला नाही.

घरी आली तेव्हा तात्या खाटेवर बसले होते. बाहेर अजून उजेड होता. तिनं ठरवलं होतं, आज हळू बोलायचं. तिनं त्यांच्यासमोर चहाचा कप धरला, डोळ्यांनी विचारलं, त्यांनी मान हलवली. ते बरं चाललं होतं. मग ती गवार मोडायला घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. महिन्याभरात या ओट्याची सवय झाली होती, डबे कुठं आहेत ते न बघता कळायचं. आई गेली त्या दिवशीचं तिच्या मनात आलं. इथंच, आंघोळ करून येऊन केस विंचरता विंचरता आई खाली बसली होती. तात्या बाहेर ओसरीवर होते. पलीकडच्या मालनबाईला तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून ती धावत आली. त्याआधी आईनं हाक मारली असेल का? आणि मारली तर कोणत्या आवाजात? कढईत तेल टाकलं, मोहरी तडतडली, आणि आपण काय करतोय हे न कळता ती बोलू लागली. त्या मुलीच्या पोटात काय चाललं असेल, मी कशाला मोठ्यानं बोलले, चिठ्ठीवर बोट ठेवून विचारता आलं असतं.

“आता तू बी?”

ती वळली. तात्या तिच्याकडंच बघत होते.

“काय तात्या?” तिनं विचारलं. आवाज आपोआपच चढला.

“तू बी भिंतीशी बोलाय लागली. तिच्यावानी.”

आरतीनं गॅस बारीक केला.

“मी हितं बसायचो,” तात्या म्हणाले. “तिची पाठ दिसायची. मान हलायची, खांदं हलायचं. तुला ऐकाय यायचं ना गं? तू तर तितंच बसायची खाली. काय म्हनायची ती?”

“काही नाही. देवाचं नाव घ्यायची.”

“देवाच्या नावाला मान अशी हलत न्हाई.” आणि तात्यांनी मान हलवून दाखवली. जरा डावीकडं, मग एक छोटा झटका, मग थांबून खाली. ते हुबेहूब आई होतं. त्र्याहत्तर वर्षांच्या त्या दाढी वाढलेल्या माणसाच्या मानेवर आई क्षणभर येऊन गेली. किती वर्षं बघितलं असेल यांनी? पेपर हातात धरून, पेपर न वाचता?

“मग तुम्हीच का नाही विचारलं कधी?” ती म्हणाली.

चहाचा कप तात्यांनी खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. “इचारलं असतं तर तिला वरडून सांगाया लागलं असतं. हितं भिंतीला भिंत. वरडून सांगन्याजोगं सगळं ती सांगत हुतीच की. हे वरडन्याजोगं नसंल म्हनून तर भिंतीला सांगत हुती. मग कसं इचारायचं? म्हनलं, असू दे. तिला एक जागा हाय बोलाय, असू दे.” त्यांनी ओट्याकडं बघितलं. “पन आता ती न्हाई. आन् अमृत मला घेऊन जानार. हे घर बंद व्हनार. म्हनून इचारतो.”

आरतीला त्या क्षणी खूप काही सांगता आलं असतं. आई तुमची काळजी करायची, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. खिडकी उघडी होती. पलीकडं मालनबाई भांडी घासत होती, घासणीचा खरखर आवाज येत होता. आरतीचा हात खिडकीच्या कडीकडं गेला आणि तिथंच थांबला. आईनं आयुष्यभर झाकलं. कुणासाठी झाकलं? सासू गेली, सासरे गेले, ज्या घरात कुजबुजायला जागा नव्हती ते गावाकडचं घर पडून तिथं आता दिराच्या पोरांनी स्लॅब टाकला होता. ऐकू नये असं आता कोण उरलं होतं? तिनं गॅस बंद केला. खाटेपाशी येऊन ती तात्यांच्या समोर उभी राहिली, आणि तो बेंबीच्या देठापासूनचा आवाज तिनं मुद्दाम बाहेर काढला.

“तात्या, भीमा दवाखान्यात नाही गेला. गाडीत गेला. आईच्या मांडीवर.”

पलीकडची खरखर थांबली.

ती सांगत गेली. प्रत्येक अक्षर सुटं करून. भाळवणी सुटल्यावर, आजोबा पुढच्या सीटवर, आई काही बोलली नाही, डॉक्टरपर्यंत न्यायचं होतं म्हणून बोलली नाही. बाईनं विचारलं, झोपलं का? आई म्हणाली, झोपला. “तेच म्हणायची ती, तात्या. झोपला म्हनले मी. झोपला म्हनले. तुम्हाला सांगायचं होतं तिला. तुम्ही आलात त्या रात्री सांगायला आली होती. तुम्हाला ऐकू नाही गेलं.” सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की ओरडून सांगितल्यानं ते वाईट होत नाहीये, बारीकही होत नाहीये. ते जेवढं होतं तेवढंच राहिलं. फक्त घसा दुखायला लागला.

तात्यांची नजर तिच्या ओठांवरून हलली नव्हती. त्यांचे हात गुडघ्यावर पालथे पडले होते.

“मला वाटायचं, मला शिव्या देती,” ते म्हणाले.

“त्याही द्यायची.”

“लई?”

“लई.”

त्यांनी मान डोलावली, बरोबर आहे अशी. मग म्हणाले, “खिडकीपशी बसली हुती का?”

“ते नाही सांगितलं तिनं.”

“खिडकीपशीच बसली असंल. तिला गाडी लागायची. थंडीचं दिस हुतं. वारं लागलं असंल.” त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला नाही, काही नाही. खाटेवर थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली. आरती बसली. एवढ्या जवळून त्यांच्या अंगाला अजूनही आईनं आणलेल्या साबणाचा वास येत होता. बाहेर मालनबाईनं नळ बंद केला आणि ती आत गेली. भांडी तिनं तशीच मोरीत सोडली होती.

“परत सांग,” तात्या म्हणाले.

“ऐकू नाही आलं?”

“आलं,” ते म्हणाले. “परत सांग.”

आरती घोटभर पाणी प्यायली आणि तिनं त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.

“सकाळची गाडी होती, तात्या,” तिनं सुरुवात केली, “टाकळीवरून नगरला जाणारी…”